झेललेली ओळ

शहापूरच्या कोर्टात वकिली करायची म्हणजे बांधाची भांडणं, वाटण्या, न वटलेले चेक आणि नांदायला नकार देणाऱ्या सुना. दर्शना वकील हे सगळं इतकी वर्षं चालवत आली होती की पक्षकारानं खुर्ची ओढली की त्याचं दुखणं तिला आधीच कळायचं. म्हणून त्या दुपारी साड्यांच्या दुकानातली भाविका आली आणि तिनं टेबलावर गाण्याचा करार ठेवला, तेव्हा दर्शनानं समोरचं वाटणीपत्र बाजूला सारलं आणि चहा सांगितला. पक्षकाराला पहिल्याच भेटीत चहा पाजायची तिची रीत नव्हती. पण वकीलबाईच हरखली होती, त्याला काय करणार.

भाविकाला बाजारात सगळे ओळखत. दुकानात गिऱ्हाईक रेंगाळलं की मालक तिच्याच अंगावर साडी टाकून दाखवायचा. गेल्या उन्हाळ्यात किन्हवलीच्या बाजूला एका हळदीत ती गायली. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं, कुणीतरी पुढं ढकललं, आणि बघता बघता मुरबाडपासून कसाऱ्यापर्यंत जो तो त्यावर नाचू लागला. त्यातली एक ओळ तर लोकांनी डोक्यावरच घेतली:

विहीणबाय आली मिरवत, पदर राहिला घाटावर.

बाई इथं मांडवात पोचली आणि तिच्या पदराचं टोक अजून वर घाटातच. एवढा तिचा थाट. ही ओळ ऐकून ज्याला हसू आलं नाही त्यानं विहीण पाहिलेली नाही, एवढंच म्हणता येईल.

तर या गाण्याचा माग काढत कल्याणच्या एका म्युझिक कंपनीचा सुयोग नावाचा माणूस भाविकाच्या दुकानात आला होता. गाणं स्टुडिओत करायचं, व्हिडिओ काढायचा, भाविकाला गायिका म्हणून पुढं आणायचं, आणि कंपनीनंच तिचा प्रतिनिधी व्हायचं. सोमवारपर्यंत सही हवी होती. भाविकानं त्याच संध्याकाळी दुकानातला एक हिरवा शालू मनातल्या मनात व्हिडिओसाठी बाजूला काढून ठेवला. तिला हे सगळं हवं होतं, आणि हवं आहे हे ती लपवतही नव्हती.

करार मराठीत होता, पण असल्या मराठीत की वाचणाऱ्याला इंग्रजी बरं वाटावं. दर्शना एकेक कलम वाचून सोप्या भाषेत सांगत गेली. प्रतिनिधीचं कलम आलं तेव्हा भाविकानं तिला थांबवलं.

"गायिकेच्या वतीनं बोलण्याचा अधिकार फक्त प्रतिनिधीला. वतीनं म्हंजे कसं, मॅडम?"

"म्हणजे तुला कुणी गायला बोलवलं तर तू हो-नाही म्हणायचं नाहीस. ते म्हणतील. मी कोर्टात लोकांसाठी बोलते ना, तसं."

"पन तुमी बोलायच्या आधी आमाला इचारता."

"विचारते," दर्शना म्हणाली, आणि त्या कलमाच्या बाजूला तिनं 'आधी विचारून' असं पेन्सिलीनं लिहिलं. पोरगी हुशार होती.

पुढचं कलम मात्र पेन्सिलीनं भागणारं नव्हतं. त्यात लिहिलं होतं की प्रस्तुत गीताचे शब्द आणि चाल ही गायिकेची स्वतःची रचना असून ती याची हमी देते. हमी खोटी निघाली तर होणारं नुकसान गायिकेच्या माथी. त्याच्याच खालचं कलम म्हणत होतं की सही झाल्यावर हे गीत कंपनीच्या परवानगीशिवाय कुणालाही गाता येणार नाही.

"गाणं तू केलंस?"

भाविका खुर्चीत जरा अवघडली. "मी गायलं."

"ते मी ऐकलंय. गायिका म्हणून तुझा हक्क कायद्यानं वेगळा आहे, तो कुणी काढून घेत नाही. पण शब्द कुणाचे?"

"बाईजा आत्याकडून घेतलं मी. सुयोग बोलतो, तुमचंच नाव टाका, कोन इचारतंय. नायतर आमच्या लेखकाचं टाकतो, नवी रचना म्हनून."

दर्शनाला राग आला, पण रागापेक्षा उत्सुकता मोठी होती. शब्द कुणाचे, हा प्रश्न तिला सोमवारपर्यंत झोपू देणार नव्हता हे तिचं तिलाच कळलं. तिनं लगेच तोडगाही काढला. "मग आपण 'पारंपरिक' असं लिहू. ज्याचा कर्ता माहीत नाही ते पारंपरिक. सगळे तसंच करतात." आत्यांना तेवढं विचारून घेऊ, म्हणजे हमी देताना मन स्वच्छ राहील, असं ठरवून तिनं स्कूटर काढली आणि भाविकाला मागं बसवलं.

बाईजा आत्याचं घर किन्हवलीच्या पुढं, रस्त्यापासून आत. आत्या खळ्यात वाल निवडत बसली होती. भाविकानं सगळं सांगितलं. आत्यानं सगळं शांतपणे ऐकलं, पण 'पारंपरिक' शब्दाशी तिचा हात सुपात थांबला.

"पारंपरिक म्हंजे काय गो?"

"म्हणजे जुनं, आत्या," दर्शना म्हणाली. "पूर्वीच्या बायांनी केलेलं. कुणी केलं ते ठाऊक नसलेलं."

"म्हंजे मेल्या बायांचं. आनि मी कोन? मी जिती हाय नं?"

आत्याला आता चेव चढला. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि बसल्या जागी गायला लागली. हळद आली गो दारात, घ्या उजव्या हातावर. ही लखमाची ओळ, आत्या म्हणाली, ती आता नाही, पण तिचं नाव आहे. विहीणबाय आली मिरवत, पदर राहिला घाटावर. ही लखमाच्या सुनेची, उंबरमाळीच्या सुंदराची. आणि मग आत्या जरा ताठ बसून गायली: नवरदेवाचे बूट चमकती, डोळा त्याचा भातावर.

"ही माजी," ती म्हणाली. "माज्या भावाच्या लग्नात घातली. त्यानं असा राग धरला, जेवला नाय मांडवात. मंग रातच्याला चुलीपाशी बसून दोन वेळचं जेवला."

दर्शना खळ्यातच मांडी घालून बसली. एका गाण्याला तीन मालकिणी, आणि प्रत्येकीची ओळ वेगळी. तिनं आयुष्यात इतक्या वाटण्या पाहिल्या होत्या, पण कोणाचं काय यावर भांडण नसलेली ही पहिलीच. ती विचारत गेली आणि आत्या सांगत गेली. रीत अशी होती: गाणं शिकवणारी गाणं देते, पण ते उसनं. घेणारीनं कुणाच्या तरी हळदीत उभं राहून त्यात आपली एक ओळ घालायची. जमलेल्या बायांनी ती झेलली, म्हणजे उचलून परत गायली, की गाणं तिचं झालं. नाही झेलली तर ओळ पडली, आणि गाणं उसनंच राहिलं.

"मग भाविकाची ओळ कोणती?" दर्शनानं विचारलं.

भाविका सुपातले वाल बघत होती.

"तेच तर," आत्या म्हणाली. "गळा देवानं दिला हिला. ओळ नाय घातली."

मग काय होणार ते दर्शनाच्या लक्षात आलं, पण तरी तिनं विचारून पाहिलं. तुमची ओळ वापरायला संमती आहे असं लिहून द्याल का? आत्यानं नकाराची मान हलवली. रागानं नव्हे, जिवाला लागल्यासारखी. जिचं गाणं अजून झालंच नाही तिनं ते दुसऱ्याला कसं द्यायचं? शेजारणीकडून उसनं आणलेलं पातेलं कुणी लग्नात आहेर म्हणून देतं का?

उंबरमाळीला सुंदरा आजीकडे तर याहून वाईट झालं. दर्शना दुसऱ्या दिवशी संमतीपत्र टाइप करून घेऊनच गेली. वकिलाची सवय, दुसरं काय. आजीनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला, घडी करून परत दिला आणि भाविकाला म्हणाली, "शनवारी मालूची हळद हाय तुज्या आत्याच्या गावात. मी येनार हाय. तिथं ओळ घाल. बायांनी झेलली तर तुज्या कागदावर मी म्हनशील तिथं अंगठा देते. नाय झेलली तर तो कागद चुलीत घाल."

येताना हायवेवर ट्रकांच्या आवाजातच भाविका मागून म्हणाली, "मॅडम, मला गाता येतं. रचता नाय येत."

"प्रयत्न केलास कधी?"

"नाय जमलं तर मी सुयोगच्या लेखकाचं नाव टाकीन. मला दुकानात म्हातारं व्हायचं नाय."

पोरीचं चुकत होतं असं दर्शनाला वाटेना, आणि बरोबर आहे असंही म्हणवेना. कायद्यानं पाहिलं तर सुंदरा आजीच्या रीतीला कोर्टात कुणी विचारलं नसतं. तरी दर्शनाला शनिवारचे वेध लागले, अगदी निकालाच्या आदल्या दिवशी लागतात तसे.

शनिवारी चारच्या सुमाराला मांडव गच्च भरला होता. बेंजोवाले अजून तारा लावत होते. मालू पाटावर मान खाली घालून बसली होती. मुरबाडकडचं स्थळ, मुलगा नोकरीवाला, बैठकीत सगळं ठरवून झालेलं. काय काय ठरलं ते मालूला कुणी नीटसं सांगितलं नसावं, असं तिच्या चेहऱ्यावरून दर्शनाला वाटलं. नवरीनं बोलायचं नाही, हसायचं नाही, रडायचं तेही वेळ आल्यावर. तिच्या बाजूनं जे बोलायचं ते गाणाऱ्या बाया बोलणार. विहिणीला टोमणा, नवऱ्याला चिमटा, बापाला आठवण, सगळं त्यांच्या तोंडून. म्हणजे या बाया नवरीच्या वकीलच की, दर्शनाच्या मनात आलं, आणि ती आणखी पुढं सरकून बसली.

भाविकानं गाणं उचललं. लखमाची ओळ झाली, बायांनी झेलली. सुंदरा आजीची ओळ आली, तेव्हा सगळा मांडव आजीकडे बघून हसला आणि आजी उगाच दुसरीकडे बघू लागली. आत्याच्या भाताच्या ओळीवर हळद लावणाऱ्या बायांचे हात थांबले. मग भाविकानं दम घेतला. आता ती आपली ओळ घालणार, हे सगळ्यांना माहीत होतं. गावात अशी गोष्ट लपते थोडीच.

"चंद्र उतरला अंगणी, चांदणं नवरीच्या गालावर."

गळा तर असा लागला की दर्शनाच्या अंगावर काटा आला. शब्दही गोड होते. पण झेलायला कुणी तोंड उघडेना. एकीनं हळदीची वाटी उगाच इकडून तिकडं केली. बाईजा आत्या जमिनीकडे बघत होती. झेलावं का आपण, असं दर्शनाच्या मनात येऊन गेलं, पण एकटीनं झेलून चालत नसावं. आणि खरं सांगायचं तर ती ओळ कुणाचीही असू शकली असती, त्या कल्याणच्या लेखकाचीसुद्धा.

भाविकाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ओळ पडली, हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. आता गाणं पुरं करून खाली बसायचं, एवढंच उरलं होतं. ती उभीच राहिली. तिनं मालूकडे पाहिलं. मालूच्या खांद्याला दोन बाया हळद चोळत होत्या, तिसरी म्हणत होती नीट बस, चौथी म्हणत होती मान खाली घाल. मालूची मान आणखी काय खाली जाणार होती. भाविकाला अचानक त्या सगळ्याचा राग आला. तो तिच्या तोंडावर दिसला, मग आवाजात उतरला, आणि ती चालीवर जवळजवळ भांडल्यासारखी गायली:

"आधी अटी वाचीन गो, मंग बसीन पाटावर."

मग मालूनं मान वर केली. नवरीनं हळदीत हसायचं नसतं, पण ती हसली, चांगली दात दाखवून हसली. मागच्या रांगेतून कुठल्याशा बाईनं ओळ उचलली, "आधी अटी वाचीन गो," आणि मग एकदम सगळ्याच, टाळ्या वाजवत, एकमेकींच्या अंगावर रेलत, "मंग बसीन पाटावर." बेंजोवाल्याला चाल सापडली. आपणही गळा काढून गातोय हे दर्शनाला ओळ दुसऱ्यांदा आली तेव्हा कळलं, आणि मग तिनं थांबायचं काही कारण उरलं नाही. मालूचा बाप मांडवाच्या कडेला उभा राहून कपाळावरचा घाम पुसत होता.

गाणं संपल्यावर सुंदरा आजी बायांमधून वाट काढत आली. भाविकाच्या गालाला तिनं हळदीचा हात लावला.

"आता गाणं तुजं. आता एक ध्यानात ठेव. कोन बी मागंल तिला द्यायचं. नाय बोलायचं नाय."

"कुनाला पन?"

"कुनाला पन. मीच मागते. दे तुजी ओळ. उद्या आमच्या पाड्यात हळद हाय."

भाविकानं वळून दर्शनाकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते दर्शनाला नेमकं समजलं. कंपनीच्या परवानगीशिवाय कुणालाही गाता येणार नाही, हे कलम. गाणं हाती आलं, आणि हाती येताच ते धरून ठेवायची सोय गेली.

"दिली तर करार मोडंल ना, मॅडम?"

"अजून सही झालेली नाही."

"झाल्यावर मोडंल."

"या शब्दांत झाली तर मोडेल."

भाविका आजीशेजारी बसली, आणि आजीला नीट ऐकू जावं म्हणून तिच्या कानाशी वाकून तिनं ओळ दिली. आजीनं ती दोनदा म्हणून घेतली. नंतर आत्याच्या ओट्यावर संमतीपत्रावर आत्यानं सही केली, आजीनं अंगठा दिला, आणि दर्शनानं साक्षीदार म्हणून खाली आपलं नाव घातलं.

रविवारचा दिवस दर्शनानं करार नव्यानं लिहिण्यात घालवला. कंपनीचा हक्क त्यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणावर, तो पूर्ण आणि पक्का. गाण्यावर नाही. गाणं कुणीही, कुठल्याही मांडवात, कुठल्याही फोनवर गावं. गीतकाराच्या जागी तिनं नावं घातली: कैलासवासी लखमा, सुंदरा, बाईजा, भाविका. मग पुढं लिहिलं, 'आणि यापुढे ज्या ओळ घालतील त्या.' इतकं बेकायदेशीर दिसणारं कायदेशीर वाक्य तिनं आजवर लिहिलं नव्हतं. ते लिहून तिला फार बरं वाटलं.

सोमवारी सुयोग आला. माणूस वाईट नव्हता, फक्त सारखा घाईत असायचा. त्यानं करार वाचला, कपाळ चोळलं आणि फोन घेऊन बाहेर गेला. कोर्टासमोरच्या टपरीपाशी तो बराच वेळ हातवारे करत बोलताना खिडकीतून दिसत होता. आत भाविका ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिच्या वतीनं आणखी चार शब्द बाहेर जाऊन बोलावे असं दर्शनाला राहून राहून वाटत होतं, पण तिनं आधी विचारलं.

"नको," भाविका म्हणाली. "बोलू द्या त्याला."

सुयोग परत आला तो खुर्चीत न बसताच बोलायला लागला. "भाविकाताई, गाणं घेतो म्हणतात. पण हक्क असे मोकळे ठेवायचे तर व्हिडिओवर कंपनी खर्च करणार नाही. स्टुडिओत नुसता आवाज होईल. पुढचं मग हे कसं चालतं त्यावर. चालेल का? नाहीतर जुना करार माझ्याकडे तयार आहे, आत्ता सही करा, पुढच्या आठवड्यात शूटिंग."

भाविकाला वाईट वाटलं. ते तिनं लपवलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं ते ओढणीनं पुसलं, आणि खिडकीतून बाजाराच्या बाजूला जरा वेळ बघत राहिली. दर्शनानं तोंडातून शब्द काढला नाही. गप्प बसण्याची फी कुणी देत नाही, नाहीतर त्या दिवशीची मोठी झाली असती.

"चालंल," भाविका म्हणाली. "आवाज तर आवाज."

सुयोगनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग बसला. लॅपटॉप उघडून तो नावं भरायला लागला. लखमा, सुंदरा, बाईजा, भाविका. मग त्याची बोटं थांबली.

"मॅडम, ही शेवटची एंट्री. 'यापुढे ज्या ओळ घालतील त्या.' यांची नावं सांगा ना. सिस्टीम नाव मागते."

दर्शना उत्तर द्यायला पुढं झुकली, पण भाविकानं हात आडवा केला. करार तिनं आपल्याकडे ओढून घेतला होता आणि पहिल्या कलमापासून एकेक ओळ बोट ठेवून वाचत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "त्यातल्या काय जनी अजून जन्माला पन नाय आल्या. त्यांची जागा ठेवा."

सुयोगनं एकदा दर्शनाकडे पाहिलं, एकदा लॅपटॉपकडे, आणि ती ओळ जशीच्या तशी टाइप केली.